गाडीतल्या घरासाठी जनरेटर : किती केव्हीएचा घ्यायचा? (प्रकल्प नोंदी)

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

गाडीतलं सुतारकाम आज संपलं. दोघांचा पलंग, त्याखाली बॅटरी, खिडकीशी ओटा, मागच्या दाराजवळ कपाट. जुनी डिझेल ट्रॅव्हलर आता घरासारखी दिसायला लागली आहे.

राहिला विजेचा प्रश्न. एप्रिलमध्ये आई-आबांना घेऊन आधी लोणार, मग यवतमाळजवळ मावशीच्या शेतावर, तिथून ताडोबा असं ठरलंय. आबांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावूनच झोपतात. विदर्भातल्या एप्रिलअखेरीला, पत्र्याच्या गाडीत, बहात्तर वर्षांच्या माणसाला नुसत्या पंख्यावर झोपवायची माझी तयारी नाही. म्हणजे एसी आला, आणि एसी म्हटलं की जनरेटर आलाच.

काल बुधवार पेठेत चौकशी केली. काउंटरवरच्या दादांनी विचारलं, "ताई, काय काय चालवणार?" मी यादी वाचली: दीड टनाचा एसी, इंडक्शन शेगडी, मिक्सर, बॅटरीचा चार्जर, फ्रिज, पंखे, दिवे, सीपॅप. त्यांनी प्रत्येकाचे वॅट मिळवले. बेरीज ५,२०० वॅट. "साडेसहा केव्हीए घ्या, निदान पाच तरी. कमी पडायला नको." (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता: व्होल्ट गुणिले अँपियर, भागिले हजार.)

पाच केव्हीएचं मशीन दोघांनी मिळून जरासं उचलून पाहिलं. ऐंशी किलोच्या पुढे असावं. रोज संध्याकाळी ते गाडीतून उतरवायचं आणि सकाळी परत चढवायचं, हे भाऊ आणि मी दोघं मिळूनही आठवडाभर करू शकणार नाही. शिवाय हे सगळं एकाच वेळी कधी चालणार आहे? इंडक्शनवर भात शिजत असताना मी मिक्सर लावून चार्जरही पूर्ण ताकदीने चालवणार का? दुकानात बसून हे कळणार नाही. घरी मोजते.

९ फेब्रुवारी, रविवार

सोळा अँपियरच्या प्लगात बसणारा मीटर आणला. त्यात वॅट, व्हीए (व्होल्ट गुणिले अँपियर) आणि पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) तिन्ही दिसतात. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून अँपियर मोजणारा) कंपनीतल्या सहकाऱ्याकडून दोन आठवड्यांसाठी मागून घेतला, त्यात वस्तू सुरू होतानाचा क्षणभराचा झटका पकडायची सोय आहे. सकाळपासून एकेक वस्तू लावून वहीत आकडे लिहिले.

मिक्सरवर ७५० वॅट छापलंय. बटण दाबताच आकडा हजाराच्या पुढे जाऊन लगेच खाली येतो. आईने ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली तेव्हा ४८० च्या आसपास होता. फ्रिज बारा व्होल्टचा, कंप्रेसर चालू असताना ४८ वॅट. पंखे २८-२८. पाण्याचा पंप ७०, तोही नळ उघडा असेपर्यंतच. सीपॅप ३८, हवा दमट करणारी पट्टी चालू केली तर ७५. आबा म्हणाले, "ती पट्टी मला थंडीतच लागते." बरं झालं.

इंडक्शनने मात्र मला बराच वेळ बसवून ठेवलं. डायल कमीवर ठेवला की शेगडी कमी वीज घेते असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मीटर सांगतो की आमची शेगडी मंद आचेवर काही सेकंद हजारावर वॅट ओढते, मग काही सेकंद शून्य, परत हजारावर. जनरेटरला हा सततचा हिसका झेलावा लागेल. इंडक्शन यादीतून कायमची बाद. गाडीत पाच किलोचा गॅस सिलिंडर राहील, कुकर त्यावर.

चार्जरची गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे. बॅटरी लिथियम फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, २०० अँपियर-अवर, म्हणजे साधारण अडीच युनिट वीज मावते. चार्जर ४० अँपियरचा. मीटरवर ६४० वॅट दिसले, पण व्हीए ९३०. पॉवर फॅक्टर ०.७ च्याही खाली, ०.६९. जनरेटरचा आकडा केव्हीएत असतो त्याचं कारण हेच. नुसते वॅट मिळवले असते तर एकट्या चार्जरपायी जवळजवळ ३०० व्हीएची चूक झाली असती.

१६ फेब्रुवारी, रविवार

मांडववाल्यांकडून अडीच केव्हीएचा उघड्या चौकटीचा जनरेटर दिवसभरासाठी भाड्याने आणला. दीड टनाचा एसी भावाने जुन्या ऑफिसातून स्वस्तात मिळवलाय, साध्या कंप्रेसरचा, इन्व्हर्टर नाही. चालू असताना १,५५० वॅट घेतो. अडीच केव्हीएत हे बसायला हवं, कागदावर.

पंखा सुरू झाला, तीन मिनिटांनी कंप्रेसरने उचल घेतली आणि जनरेटरचा आवाज एकदम खाली बसला. गळा दाबल्यासारखा. गाडीतले दिवे पिवळे पडले, कंप्रेसर जागच्या जागी थरथरून गुरगुरला आणि जनरेटरचा ब्रेकर पडला. दहा मिनिटं थांबून परत लावलं, परत तेच. तिसऱ्यांदा मी लावू दिलं नाही, अशाने कंप्रेसरची वाइंडिंग जळते.

क्लॅम्प मीटरने दुसऱ्या वेळी पकडलेला झटका ३४ अँपियर. चालताना हाच एसी साडेसात अँपियर घेतो. म्हणजे उभ्या मोटरला फिरवायला साडेचार पटींहून जास्त. घरात महावितरणच्या तारेमागे सगळं जाळं उभं असतं, हा झटका तिथे जाणवतही नाही. जनरेटरच्या मागे मात्र एक छोटं इंजिन असतं आणि अडीच केव्हीए म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम ११ अँपियर.

आवाजाचंही पाहिलं. शेजारच्या इमारतीतल्या काकू गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. मी स्वतः जाऊन माफी मागितली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर भावाशी वाद. त्याचं म्हणणं, "ताई, पाच केव्हीए घेऊन टाक, विषय संपला." माझं म्हणणं, जो झटका दिवसातून पाच-सहा वेळा, एकेका सेकंदापुरता येतो, त्याच्यासाठी ऐंशी किलो लोखंड विदर्भभर फिरवायचं का? झटकाच काढून टाकू.

एसी बदलायचा ठरला. एक टनाचा, इन्व्हर्टर. त्याचा कंप्रेसर हळूहळू वेग धरतो, उभ्या मोटरला धक्का देत नाही. जुना एसी विकून वर जे पैसे घालावे लागतील ते पाच आणि दोन केव्हीएच्या जनरेटरमधल्या फरकापेक्षा बरेच कमी आहेत. भावाने दोन्ही बेरजा स्वतः केल्या आणि मान्य केलं.

छताला आणि बाजूंना नायट्राइल फोम लावायचं काम आजच सुरू केलं. जेवढी उष्णता आत येणार नाही तेवढी बाहेर फेकायला वीज लागणार नाही.

८ मार्च, शनिवार

नवा एसी बसला. बाहेरचं युनिट मागच्या दाराच्या बाजूला लोखंडी चौकटीवर, खाली रबराचे बुश. दुपारी दोनला गाडी उन्हात उभी करून, आत ४१ अंश झाल्यावर एसी २६ वर लावला.

सुरुवातीला आकडा २०० वॅटवर होता, मग ४००, ७००, असा चढत दीड-दोन मिनिटांत १,१८० वर पोचला. झटका नाहीच. पंचवीस मिनिटं तसाच राहिला, मग उतरायला लागला. संध्याकाळी सात वाजता ३८० ते ४२० च्या मध्ये स्थिर.

आता खरी बेरीज. एकाच वेळी चालणाऱ्या गोष्टी: एसी जास्तीत जास्त १,१८०, फ्रिज-पंखे-दिवे-सीपॅप मिळून फार तर १८०, चार्जर पूर्ण ताकदीने ९३० व्हीए. जवळजवळ २,३०० होतात. पण चार्जरला २० अँपियरची मर्यादा घालता येते. तशी घातली की त्याचे ४६० व्हीए. एकूण १,८२०. व्हीएंची अशी सरळ बेरीज खऱ्यापेक्षा थोडी जास्तच येते, आणि फ्रिज-पंखे तसेही बॅटरीवरच चालतात, म्हणजे प्रत्यक्षात भार याच्या आतच राहील.

बाजारात २.२ केव्हीए म्हणून मिळणारे इन्व्हर्टर जनरेटर (भाराप्रमाणे इंजिनाचा वेग बदलणारे) सतत देतात १.८ केव्हीए. २.२ हा थोड्या वेळापुरता कमाल आकडा. खोक्यावर मोठा छापलेला आकडा बहुतेकदा कमाल क्षमतेचा असतो, सतत मिळणारा आकडा आत पुस्तिकेत बारीक अक्षरात शोधावा लागतो. मी १.८ धरूनच हिशेब केला. उन्हामुळेही इंजिनाची ताकद थोडी घटते, २५ च्या वर दर पाच-सहा अंशांना अंदाजे एक टक्का. ४५ अंशांत चार टक्के गेले तरी १.७ उरतात. गाडी गार होईपर्यंत चार्जर बंद ठेवला की भरपूर झालं.

म्हणजे साडेसहा केव्हीएवरून आपण २.२ वर आलो. वजन २१-२२ किलो, एका हाताने उचलता येतं.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड, आज पेट्रोलचा विचार. गाडी डिझेलची, जनरेटर पेट्रोलचा. पेट्रोल वेगळं न्यावं लागणार आणि पंपावर प्लास्टिकच्या कॅनमध्ये देत नाहीत. पाच लिटरचा लोखंडी जेरीकॅन घेतला. तो माणसं बसतात त्या भागात ठेवायचा नाही हे आधीच ठरवलं, म्हणून मिस्त्रींकडून मागच्या बंपरवर झाकणाची जाळीदार पेटी वेल्ड करून घेतली.

या वर्गाच्या मशीनला टाकी ३.६ लिटरची असते. पूर्ण भारावर ती सव्वातीन तास पुरते, पाव भारावर आठ तास. म्हणजे पूर्ण भारावर लिटरमागे १.६ युनिट वीज मिळते, पाव भारावर फक्त एक. पेट्रोल लिटरला शंभरीच्या वर आहे. सीपॅप आणि दोन पंख्यांसाठी रात्रभर जनरेटर चालवणं म्हणजे युनिटला शंभर रुपयांहून जास्त मोजणं. मोठं मशीन घेतलं असतं तर कमी भाराचा हा तोटा आणखी वाढला असता.

याउलट गाडी चालू असताना डायनॅमोवरून ३० अँपियरचा डीसी चार्जर बॅटरी भरतो. सहा तासांचा प्रवास झाला की १८० अँपियर-अवर आत. प्रवासाच्या दिवशी बॅटरीसाठी जनरेटर लागतच नाही.

या सगळ्यातून रात्रीचा क्रम सुचला. संध्याकाळी साडेसात ते पावणेदहा जनरेटर. तेवढ्यात गाडी पूर्ण गार करायची, बॅटरी काठोकाठ भरायची. मग जनरेटर बंद, एसी बॅटरीवर २७ ला. ४०० वॅटने पाच तास तरी निघतील, पहाटे हवा उतरली की पंखे. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तीही आपोआप पाळली जाईल.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली आणि मुहूर्तावर जनरेटर घरी आणला. आबांनी हळदकुंकू वाहिलं, आईने कडुलिंबाची डहाळी हँडलला बांधली.

मशीन कोरडं येतं, इंजिनात ऑइल नसतं. दुकानदारांनी हे सांगितलं नव्हतं. पुस्तिकेप्रमाणे ४०० मिलिलिटर १०डब्ल्यू-३० घातलं. ऑइल कमी असेल तर इंजिन सुरूच होत नाही अशी सोय आहे, तरी मी आधी डिपस्टिक पाहिली. दोरी तिसऱ्यांदा ओढली आणि सुरू झालं. एसी लावला, १,१९० वर गेला, इंजिनाने वेग वाढवला आणि तो धरून ठेवला. दिवे जराही लुकलुकले नाहीत. भावाने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

एक निरीक्षण: इको मोडवर इंजिन संथ चालतं आणि भार आल्यावर वेग घेतं. मिक्सरसारखा एकदम येणारा भार असेल तर इको आधी बंद करायचा. नाहीतर पहिल्या क्षणी व्होल्टेज डगमगतं.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे.

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात पूर्ण तालीम केली. जनरेटर गाडीच्या मागे दोन मीटरवर ठेवला, केबल तेवढीच लांब होती. दारं-खिडक्या बंद, एसी चालू, आत मी एकटी. उशाजवळच्या भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा (इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूचा) अलार्म लावलाय, त्याच्या पडद्यावर पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) दिसतात. वीस मिनिटं शून्य. मग वारा फिरला. ११. मी पुस्तक बाजूला ठेवलं. २४. ३८. कसलाही वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, डोकं दुखत नाही. आकडा ६४ झाला तशी मी दार उघडून बाहेर आले आणि मशीन बंद केलं. अलार्म अजून वाजलाही नव्हता. कमी प्रमाणात हा वायू असेल तर अलार्म बराच वेळ थांबून वाजतो, तशीच त्याची रचना असते.

बंद गाडीत धूर आला कुठून? मागच्या भिंतीत एसीच्या तांब्याच्या नळ्यांसाठी पाडलेलं भोक. नळ्यांभोवती करंगळी जाईल एवढी फट राहिली होती आणि मागून येणारा वारा धूर तिथूनच आत ढकलत होता. मी अगरबत्ती लावून फटीशी धरली, धुराची रेघ सरळ आत वळली.

आबा त्या पलंगावर मास्क लावून झोपणार आहेत. सीपॅप खोलीतलीच हवा दाबाने फुप्फुसात पाठवतं, ते हा वायू गाळत नाही. हा विचार दिवसभर मनातून गेला नाही.

फट पुट्टी आणि सिलिकॉनने भरली, दोन्ही बाजूंनी. मागच्या दाराचं रबर बदललं. आणि तीन गोष्टी गाडीच्या दाराच्या आत मार्करने लिहिल्या: जनरेटर दारं-खिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब आणि वारा गाडीकडून त्याच्याकडे जाईल अशा बाजूला, धुराचं तोंड गाडीकडे नको. पाऊस असला तरी तंबूत, पडवीत किंवा गाडीखाली ठेवायचा नाही. जनरेटर चालू असताना कुणीही झोपायचं नाही.

१३ एप्रिल, रविवार

सहा मीटरसाठी पंधरा मीटरची केबल केली, २.५ चौरस मिलिमीटर, तीन तारांची. वापरताना पूर्ण उलगडायची, गुंडाळी तशीच ठेवली की गरम होते.

भावाने टेस्टर लावून पाहिला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत मंद पेटला. तो घाबरला. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, दोन्ही तारा अधांतरी असतात, म्हणून असं दिसतं. पण याचा अर्थ गाडीतला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) जनरेटरवर माणसाला वाचवेलच असं नाही. परवानाधारक वायरमनना बोलावलं. त्यांनी फक्त जनरेटरच्या लाइनवर न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिला, आरसीसीबीचं टेस्ट बटण आणि बाहेरून गळती देऊन दोन्हींनी तपासला. बाहेरच्या सॉकेटची लाइन वेगळी, मधे चेंजओव्हर स्विच, दोन्ही एकदम कधीच जोडले जाणार नाहीत. हे काम मी स्वतः केलं नाही, मुद्दाम.

१९ एप्रिल, शनिवार, लोणार

काल पहाटे पुण्याहून निघालो. रात्र लॉजच्या आवारात, त्यांच्या सोळा अँपियरच्या सॉकेटवर. जनरेटर उतरवलाच नाही. सकाळी विवराच्या काठावरून सरोवर पाहिलं, आई दैत्यसुदनाच्या देवळात बराच वेळ बसली.

२१ एप्रिल, सोमवार, यवतमाळजवळ, मावशीचं शेत

खरी परीक्षा काल झाली. कापसाचं रान मोकळं, जवळपास सावली एका कडुलिंबाची, शेतात रात्रीची वीज नाही. दिवसभर गाडी उभीच होती, त्यामुळे बॅटरी फ्रिजवर आणि पंख्यांवर उतरून ५८ टक्क्यांवर. साडेसातला आत ३९ अंश.

जनरेटर बांधावर, गाडीपासून दहा मीटरवर, वारा आमच्याकडून त्याच्याकडे. पहिली चाळीस मिनिटं फक्त एसी. आकडा ९०० च्या खाली आल्यावर चार्जर २० अँपियरवर, एसी ६०० ला आल्यावर ४० वर. मशीनने एकदाही कुरकुर केली नाही. मावशीने गाडीजवळ बाज टाकून दिली होती, आई आणि ती जनरेटर बंद होईपर्यंत बोलत बसल्या. त्यांना आवाज चढवावा लागला नाही.

पावणेदहाला बंद केला. आत २६, बॅटरी ८७. पूर्ण भरली नाही, माझा हिशेब इथे चुकला. दिवसभर उभ्या गाडीचा विचार मी केलाच नव्हता. अलार्मवर शून्य. टाकीत मोजून पाहिलं, दोन लिटरच्या थोडं वर गेलं.

एसी २८ वर ठेवला. पहाटे सव्वातीनला मी उठून बघितलं तेव्हा बॅटरी २१ टक्के, बाहेर हवा जरा उतरली होती. एसी बंद करून मागची खिडकी उघडली, दोन्ही पंखे लावले. आबांचा मास्क जागेवर, श्वास एका लयीत.

२३ एप्रिल, बुधवार, मोहर्ली

ताडोबाच्या वेशीवर जनरेटर लावायचा नाही हे निघतानाच ठरलं होतं. जंगलाच्या काठाला तो आवाज नको. होमस्टेवाल्यांनी सॉकेट दिलं, पण रात्री सगळ्या खोल्यांचे कूलर लागले की व्होल्टेज १८५ वर येत होतं. एसी त्या लाइनवर लावला नाही. चार्जर १० अँपियरवर ठेवला, एसी बॅटरीवर. चार्जर रात्रभर संथपणे भरत राहिला, त्यामुळे एसी पहाटेपर्यंत चालला. बॅटरी असल्याने अशा कमकुवत लाइनचाही उपयोग होतो.

२७ एप्रिल, रविवार, पुणे

परत आलो. एकूण जनरेटर दोनच रात्री चालला, पावणेपाच तास, साडेचार लिटर पेट्रोल. उन्हात उभी राहणारी गाडी लक्षात घेऊन छतावर सोलर पॅनल लावायचं ठरवलंय, फ्रिज आणि पंख्यांपुरतं. जनरेटर मोठा करायची गरज नाही.

भाऊ पुढच्या वर्षी लडाख म्हणतोय. लेह साधारण ३,५०० मीटरवर. दर ३०० मीटरला साडेतीन टक्के ताकद घटते असं धरलं तर तिथे या मशीनचे १.८ चे जेमतेम १.१ केव्हीए उरतात. पण तिथे एसी लागणार नाही. आबांच्या सीपॅपची गरम पट्टी आणि चार्जर, एवढंच. पुरेल.

आता पावसाळाभर मशीन कपाटात राहणार. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल शोषतं आणि कार्ब्युरेटरमध्ये साचून राहिलं तर जेट (पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र) बुजतो. टाकी रिकामी केली, मग इंजिन सुरू करून तसंच चालू दिलं. तीन-साडेतीन मिनिटं ते नीट चाललं, मग आवाज दोनदा वरखाली झाला आणि थांबला. हँडलला बांधलेली पाडव्याची डहाळी वाळून गेली होती, आईने ती सोडवून तुळशीत घातली.